ठिपकेबाईंची लाल पट्टी

माझ्या भावजयीला दवाखान्यात सगळे ठिपकेबाई म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तीस वर्षं ती तिथल्या कार्डांच्या खोलीत बसते आहे. ज्या पेशंटला एखादं औषध सोसत नाही, त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यावर लाल कागदाचा ठिपका चिकटवायचा, ही तिचीच पद्धत. ठिपका दिसला की डॉक्टर आधी कार्डाची मागची बाजू वाचतात, मगच सुईला हात लावतात. एकदा डिंक सुकून एक ठिपका गळाला आणि एका बाईला नको ते इंजेक्शन दिलं गेलं. बाई वाचली. पण तेव्हापासून भावजय दर शनिवारी एकेक ठिपका नखाने खरवडून बघते.

"अगं, खरवडूनच निघतील एखाद दिवशी!" मी म्हटलं होतं. तिला विनोद आवडला नाही.

पुढे कार्डांच्या जागी कॉम्प्युटर आला. नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं. कुणीही घ्यावं, हवा तसा बदल करावा. मूळ माल अगदी साधा, जादा काही हवं असेल तर त्याचं प्लगइन आणून जोडायचं. ते कोणी जोडायचं, यावर सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. भावजय सूचनांची पानं छापून घरी घेऊन आली आणि हातात पेन्सिल धरून वाचायला बसली. मी कॉलेजात शिकवलेल्या निम्म्या पोरांनी पुस्तक एवढं मन लावून वाचलं असतं तर माझे केस इतक्या लवकर पिकले नसते.

तिचे नियम कडक. आधी सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवायची. मग नवं प्लगइन कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचं आणि तिथे नीट वागलं तरच खऱ्या कॉम्प्युटरवर घ्यायचं. शिवाय एका प्लगइनला दुसऱ्याची सोबत लागते.

"हा पाहुणा एकटा येतच नाही, वन्सं," ती म्हणायची. "आधी त्याच्या मेहुण्याला आणून बसवावं लागतं."

या महिन्याअखेर ती निवृत्त होणार. जाण्याआधी तिला एकच काम उरकायचं होतं: ठिपक्यांची जागा घेईल असं प्लगइन. औषध सोसत नसेल तर पेशंटच्या नावावर ठळक लाल पट्टी दाखवणारं. गुरुवारी ते बसलं. "काम फत्ते," असं तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईच्या. त्यांनी लगेच शनिवारी कार्डांची खोली रिकामी करायचं ठरवलं. तिथे लशींचा फ्रीज यायचा होता.

शुक्रवारी मी खोकला दाखवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी माझं पान उघडलं आणि त्यांच्या भुवया कपाळात गेल्या.

"आजी, तुम्हाला पेनिसिलिन चालत नाही? सल्फाही नाही? अंडी, शेंगदाणे, धूळ... तुम्ही जगता कशावर?"

"मला कशाचीही ॲलर्जी नाही," मी म्हटलं. "वाट बघत बसायची सोडून. बोलवा तुमच्या ठिपकेबाईंना."

भावजय आली आणि ओशाळली. "पट्टी उमटते का ते बघायला कुणाचं तरी पान लागणारच ना! परक्याचं कसं घेणार? वन्सं घरच्या. पुसायचं राहूनच गेलं."

"घरची म्हणून मला धूळसुद्धा वर्ज्य केलीस होय गं?"

डॉक्टरीणबाई हसत सुटल्या. हसतच त्यांनी पुढचा पेशंट घेतला, एक ट्रकड्रायव्हर, पायाला भलंमोठं गळू. त्याच्या पानावर पट्टी नव्हती. त्यांनी नर्सला पेनिसिलिनचं इंजेक्शन भरायला सांगितलं.

"थांबा!" भावजय ओरडली. "यांना नाही चालत ते! ठिपका आहे यांच्या कार्डावर!"

"हां, खरंच की," ड्रायव्हर म्हणाला. "मी विसरलोच होतो."

आता कुणी हसत नव्हतं. भावजयीने ड्रायव्हरचं पान उघडलं. नोंद होती, तिनेच टाईप केलेली, पण शेऱ्याच्या मोकळ्या चौकटीत. सगळ्यांच्या नोंदी तिने कार्डावरून उतरवताना तिथेच घातल्या होत्या. प्लगइन मात्र शेरे वाचत नव्हतं, औषधांच्या यादीतून निवडलेलं तेवढंच वाचत होतं. यादीतून निवडून भरलेलं पान एकटं माझं.

"ठिपक्यांची कार्डं बाजूला काढून ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोमवारनंतर सावकाश भरा."

"बाजूला ठेवलेलं कोण बघतं? उद्या सकाळी जो डॉक्टर असेल तो कॉम्प्युटरचा पडदाच बघणार. पट्टी नाही म्हणजे धोका नाही, असंच समजणार. आज मी ओरडले. महिन्याअखेर मी गेले की हे डोकंही माझ्याबरोबर जाणार."

मग मी पदर खोचला. दुपारी दोनला बसलो. मी कार्ड वाचायची, ती यादीतून निवडायची, पट्टी उमटली की "हं" म्हणायची. एकशे त्रेचाळीस कार्डं. तीस वर्षांतल्या डॉक्टरांची अक्षरं! त्यांतल्या निम्म्यांना मी पहिलीत परत बसवलं असतं. ती मात्र नुसत्या वळणावरून सांगायची, "ते सल्फा आहे, वन्सं. त्या डॉक्टरांचा स असाच." दिवे लागायच्या सुमाराला शेवटचं "हं" ऐकू आलं.

"आता माझं पान पूस," मी म्हटलं.

शनिवारी ड्रायव्हर गळू फोडून घ्यायला आला. आज डॉक्टर दुसरे होते, त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. भावजय डॉक्टरांच्या दाराकडे पाठ करून कार्डांचे रिकामे खण पुसत बसली होती. पुढ्यातला खण कधीचा स्वच्छ झाला होता, तरी हात चालूच.

"तुम्हाला पेनिसिलिन चालत नाही का हो?" आतून डॉक्टरांचा आवाज आला.

तिचा हात थांबला. तिने फडकं पिळलं, दांडीवर टाकलं आणि मला म्हणाली, "चला वन्सं, चहा घेऊ."