काचेवरची वाफ

गाडीच्या काचेवर आतून धरणाऱ्या वाफेने मला अगदी जेरीस आणलंय. कोणी म्हणालं, सुका साबण चोळा. चोळला. कोणी म्हणालं, बटाट्याची फोड फिरवा. तीही फिरवली, आणि आठवडाभर गाडीत कच्च्या बटाट्याचा वास घेत फिरलो. मी एकटा असलो की काच लख्ख असते. शेजारी बायको बसली, की पाच मिनिटांत पुढचा रस्ता गायब!

कारण मला ठाऊक आहे. घरात आई असते, म्हणून आम्ही दोघं भांडायला गाडीत येऊन बसतो आणि चारही काचा वर करतो. इतकं बोलतो, की बोलण्याचीच वाफ होते. मग ती पुसत बसायचं आणि नावं पावसाला ठेवायची.

कालही भर पावसात सोसायटीच्या फाटकाबाहेर गाडीत बसलो होतो.

"बढती नाशिकला मिळतेय. मी जाऊ की नको?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"थांब गं! आधी ही काच पुसू दे. समोरचं काही दिसत नाहीये," मी वैतागून म्हणालो.

"गाडी उभी आहे," ती म्हणाली. "कुठे बघायचंय तुला?"

मग तिने तिच्या बाजूची काच चार बोटं खाली केली. गार वारा आत आला, तिची बाही भिजली. वाफ कडेकडेने विरत गेली आणि थोड्या वेळात समोरचा रस्ता स्वच्छ दिसायला लागला.

मी तरीही फडकं फिरवतच होतो.