स्कूटर माझी, नंबर त्याचा

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

घटस्फोटाची केस सुरू झाल्यापासून मी लेकीसोबत रहाटणीला आईकडे राहते. आज निगडीला एका नव्या वकीलबाईंना भेटायला गेले. कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. बोलणं चालू असतानाच नवऱ्याचा मेसेज आला. ‘निगडीत काय काम काढलंस?’

मी तो मेसेज दाखवला. वकीलबाईंनी विचारलं, “आलात कशावर?”

“माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरवर.”

“तिचं ॲप कुणाच्या फोनमध्ये आहे?”

त्याच्या! स्कूटर माझ्या पगारातून घेतली. पण शोरूममध्ये तो म्हणाला, “माझाच नंबर दे, तुला त्यातलं काय कळतंय?” आणि मी दिला. आता गाडी कुठे उभी आहे, ते त्याला घरबसल्या दिसतं. वकीलबाईंसमोरच नंबर बदलायला गेले, तर ओटीपीही त्याच्याच फोनवर!

स्कूटर तिथेच सोडून बसने घरी आले. तेव्हापासून एकेक आठवतंय. गॅस, लाइटबिल, लेकीच्या शाळेचं ॲप... सगळीकडे त्याचाच नंबर. तुमचे ओटीपी कुणाच्या फोनवर जातात गं?

हे लिहितानाच त्याचा आणखी एक मेसेज आलाय. ‘स्कूटर अजून निगडीतच? बसने गेलीस का?’