जाते म्हणायचं नाही

सरजाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. लातूरच्या मुलींच्या एका वसतिगृहात ती सेविका होती. फाटक उघडायचं, जिने झाडायचे, टँकर आला की पोरींना रांगेत उभं करायचं, कुणी आजारी पडलं तर पेज करून घालायची, आणि एवढं करताना जे जे दिसेल ते रेक्टरबाईंच्या कानावर घालायचं, असा तिचा कारभार. मुली तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे आकाशवाणी. तिला दोन्ही नावं ठाऊक होती. खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा तिला थोडा गर्वच होता.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जो तो 'आता आपलं गाव जिल्ह्याचं' म्हणत छाती काढून चालत होता. दुष्काळाला मात्र ही बातमी पोचलेली दिसत नव्हती. पावसाळा असून नसल्यासारखा होता, नळांना नुसती हवा यायची. वसतिगृहात एक दिवसाआड टँकर येई आणि दर मुलीला एक बादली मिळे. "जिल्हा आला, आता पानी कवा येतंय?" असं सरजाबाई टँकरच्या ड्रायव्हरला दर खेपेला विचारी, जसा काही जिल्हा त्यानंच आणून टाकला होता.

सरजाबाईचा एक कायदा होता. फाटकातून बाहेर पडताना कुणीही 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. आता हे तर घरोघरी सांगतात. पण इतर लोक सांगून सोडून देतात, सरजाबाई सोडत नसे. चुकून 'जाते' म्हणणारीला ती परत आत बोलवी, फाटकाजवळच्या ओट्यावर बसवी आणि तोंडातून 'येते' निघाल्यावरच मोकळी करी. मग कॉलेजचा तास बुडो नाहीतर एस.टी. चुको. एकदा तपासणीला आलेले साहेब निघताना "बरं, जातो" म्हणाले. तिनं त्यांनाही बसवलं. साहेब निमूटपणे बसले, 'येतो' म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून मुलींनी कायद्याविरुद्ध कुरकुर करणं सोडून दिलं.

तिच्या बातम्यांत खोट एकच, त्या निम्म्या वेळा चुकीच्या निघत. एकदा गच्चीवर एक मुलगी भिंतीकडं बघून हातवारे करत बोलताना दिसली. "मॅडम, पळा! पोरीला बाहेरचं लागलंय, भिंतीसंगं बोलून राहिली!" असा गिल्ला करत ती खाली आली. रेक्टर पंचशीला सोनकांबळे चप्पल न घालताच वर धावल्या. मुलगी वक्तृत्व स्पर्धेची तयारी करत होती. विषय होता 'अंधश्रद्धा: एक सामाजिक रोग'. महिनाभर वसतिगृहात दुसरा विनोद चालला नाही. पंचशीलाबाईही पोट धरून हसल्या, आणि मग सरजाबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सरजाबाई, जरा पारखून सांगत जा."

ते सरजाबाईला लागलं. तिनं मनाशी ठरवलं, आता डोळे असून आंधळं व्हायचं. मुश्किलीनं का होईना, ती गप्प राहायला शिकत होती, तेवढ्यात शिवकन्येचं सुरू झालं.

शिवकन्या देगलूरकडची, घरात कानडी बोलणारी. बी.एस्सी.ला होती. पहिल्या वर्षी आली तेव्हा तोंडाची टकळी थांबत नसे. संध्याकाळी सरजाबाईच्या ओट्यावर बसून ती तिला कानडी शिकवी आणि सरजाबाईचे उच्चार ऐकून गडाबडा लोळे. पण यंदा उन्हाळ्याची सुट्टी संपवून परत आली ती निराळीच पोरगी. ताटातलं ताटात राही. वेणीला दोन-दोन दिवस फणी लागत नसे. आणि टँकर आला की आपली बादली शेजारणीला देऊन टाकी. "घे गं, मला नको."

मुली म्हणाल्या, देवमाणूस आहे. सरजाबाईला मात्र ते पटेना. लातुरात माणूस एक वेळ सोनं देईल, पण पाणी? ज्याला उद्या तोंड धुवायचं आहे तो आज बादली देत नाही. पुढच्याच आठवड्यात शिवकन्येनं नवा स्वेटर खोलीतल्या मैत्रिणीला दिला, आणि ज्या डब्यात ती चिल्लर, रिबिनी, टिकल्या ठेवी तो सरजाबाईच्या हाती दिला. "ठेवा मावशी, तुम्हाला सुपारीला होईल."

तरी सरजाबाई गप्प राहिली. हसं होण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. पंचशीलाबाई येण्याआधीच्या रेक्टरांच्या काळात एक मुलगी अशीच सारखी रडे. त्यांनी घरी तार केली. बाप आला, ट्रंक उचलली, आणि अक्षय तृतीयेला पोरीचं लग्न लागलं. तेव्हापासून मुलींना पाठच झालं होतं, रडायचं तर नळाखाली रडायचं. आणि आता तर नळालाही पाणी नव्हतं. सांगावं तर पोरीचं शिक्षण जाणार. न सांगावं तर काय जाईल, हे सरजाबाई मनातसुद्धा उच्चारत नव्हती.

मग एका दुपारी शिवकन्या फाटकापाशी आली. हातात पुस्तक नाही, पिशवी नाही. म्हणाली, "जाते मावशी."

"ए, बस खाली. येते म्हन."

शिवकन्या ओट्यावर बसली. कायदा तिला पाठ होता. हसली, पण ओठ उघडेनात. सरजाबाईनं वाट पाहिली, दटावलं, हनुवटीला हात लावून विनवलं, "म्हन की गं माय, दोन तर अक्षरं हायत." पोरगी मान खाली घालून बसून राहिली. तिनं शिवकन्येचं मनगट धरलं, फाटकाला कुलूप लावलं आणि तिला तशीच ओढत रेक्टरच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. तिला बाहेर बाकावर बसवून, उघड्या दारातून एक डोळा तिच्यावर ठेवत, ती आत गेली.

"मॅडम, तुमी तार करनार असाल तर मी काईच सांगायला आले न्हाई."

पंचशीलाबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या नांदेडच्या. आईबाप मजुरीवर, घरातली एम.ए. झालेली पहिली पोर. वसतिगृहात एकटं पडणं म्हणजे काय ते त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. म्हणाल्या, "तार नाही. बोला."

सरजाबाईनं बादली सांगितली, स्वेटर सांगितला, डबा सांगितला. 'जाते'वर आली तेव्हा बाई जरा थबकल्या. "अहो, तिच्या घरी कानडी. मराठीतलं जाते-येते तिच्या लक्षात राहिलं नसेल."

सरजाबाई गडबडली. पुन्हा चुकलो की काय आपण? भिंतीशी बोलणारी पोरगी तिच्या डोळ्यांपुढं नाचून गेली. पण बाईंनी ते तिथंच सोडलं नाही. शिवकन्येला आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि अगदी सहज विचारलं, "तुमच्यात घरातून निघताना काय म्हणतात गं?"

"होगी बरतीनी."

"म्हणजे?"

"म्हणजे... जाऊन येते."

स्वतःच्याच तोंडून तो शब्द निघाला मात्र, आणि पोरीचा बांध फुटला. पंचशीलाबाई उठून तिच्याजवळ बसल्या. आडपडदा न ठेवता त्यांनी विचारलं, "शिवकन्या, जीव द्यावा असं मनात येतंय का?" सरजाबाईनं पदर तोंडाला लावला. असलं अभद्र बोलतात का कुठं? पण शिवकन्येनं मान हलवली, हो म्हणून, आणि म्हणाली, "कुणी विचारलंच नव्हतं, मॅडम."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षाचं गणित राहिलं होतं. तास सगळे इंग्रजीत, फळ्यावरचं उतरून घेण्यापलीकडं तिला काही कळत नव्हतं. घरी पास झाले म्हणून सांगितलं, आणि बापानं, मल्लिकार्जुन आप्पांनी, गावभर पेढे वाटले. "त्या पेढ्यांनीच मारलं मला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिला एकटं कुणी सोडलं नाही. पंचशीलाबाई स्वतः तिला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेल्या, पुन्हा पुन्हा नेत राहिल्या. सरजाबाईनं आपली वळकटी शिवकन्येच्या खोलीत आणून टाकली. कारण विचारलं तर सांगे, "माझ्या खोलीत ढेकूण झालेत." तिच्या खोलीत ढेकूण कधीच नव्हते, त्यामुळं जाणूनबुजून दिलेली ही तिची पहिलीच चुकीची बातमी. मराठीतून गणित समजावणारे एक सर शोधले. तिच्याबरोबर आणखी चार मुली त्या शिकवणीला बसल्या तेव्हा कळलं, त्या चौघींनाही काही कळत नव्हतं! आणि सरजाबाई तोंड मिटून होती. वसतिगृहात कुणी काही विचारलं तर म्हणे, "मला काय म्हाईत?" हे वाक्य तिच्या तोंडून ऐकून मुली चाट पडत.

थोडी उभारी आल्यावर शिवकन्याच म्हणाली, घरी सांगायचंय, पण एकटीला जमणार नाही. बाईंना परीक्षेचं काम होतं. त्यांनी सरजाबाईला सोबत दिली आणि बजावलं, "तिथं तिला बोलू द्या. तुम्ही फार बोलू नका."

"हाव," सरजाबाई म्हणाली, आणि देगलूरच्या घरात पाण्याचा तांब्या हातात पडायच्या आत तिनं अर्धं सांगून टाकलं. उरलेलं शिवकन्येनं सांगितलं.

आप्पा ऐकता ऐकता खाली बसले. सरजाबाईला ती मागं एका बापानं उचललेली ट्रंक दिसू लागली. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पेढे तर लोकांनी खाल्ले. आता काय परत मागून आनू?" आणि त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "गनित गेलं तर जाऊ दे. तू हाईस ना? मग बास. आठ दिस राहा, मंग जा शिकायला."

सरजाबाई दुसऱ्या दिवशी एकटीच निघाली. शिवकन्या स्टँडवर सोडायला आली. आप्पांनी शब्द दिला होता, पण एवढ्या दिवसांत पोरीला पहिल्यांदाच नजरेआड सोडायचं होतं. गाडी सुरू झाली, सरजाबाईनं खिडकीतून हात काढला, डोळे भरून आले, आणि घाईत तोंडून निघून गेलं, "जाते गं माय!"

शिवकन्या गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी धपाधप मारत सुटली. "थांबवा! थांबवा गाडी!" ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टरनं विचारलं, काय राहिलं?

"उतरा मावशी खाली. बसा बाकावर."

गाडीभर माणसं बघत होती. सरजाबाई पदर सावरत उतरली, स्टँडच्या बाकावर जाऊन बसली आणि शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "येते."

"हां. आता बसा गाडीत." शिवकन्या मोठ्यानं हसली, तशी ती ओट्यावर हसायची. सरजाबाई आत चढली, कंडक्टरनं घंटी दिली, तेव्हा शिवकन्या खिडकीबरोबर चालत ओरडून सांगत होती, "पुढच्या सोमवारी टँकर आला की माझी बादली भरून ठेवा, मावशी! कुणाला देऊ नका!"