समीक्षाच्या नोंदीतली पावले

मित्रहो, आमच्या शाळेत नववीच्या ज्या मुलींच्या घरी मधुमेह आहे, त्यांना मी एक मोबाईल अ‍ॅप वापरायला शिकवते. रोजचे खाणे आणि फोनने मोजलेली पावले त्यात नोंदवायची, कारण या वयात लागलेल्या सवयींनी टाईप टू मधुमेह टाळता येतो, किमान लांबवता येतो.

आज सर्वाधिक पावले समीक्षाची निघाली. मी वर्गात कौतुक केले, तशी ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, ती माझी न्हाईत, आईची हायत. फोन तिच्याकडंच असतोय की."

तिची आई एका दवाखान्यात दिवसभर रुग्णांची ने-आण करते. मी अ‍ॅपची सगळी बटणे समजावली होती, पण घरात फोन किती, हे विचारलेच नव्हते. इकडे समीक्षाची साखर आत्ताच मधुमेहाच्या सीमेवर आहे.

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"आई किती चालली ते त्यात दिसतंय. आकडा मोठा असला की ती दमलेली असती, मग मी तिला रंकाळा तलावावर फिरायला चल म्हणत न्हाय."

दुपारी मी तिच्या आईला फोन करून हे सांगितले.  त्या म्हणाल्या, "आज कामावरून येताना बसमधून रंकाळ्यालाच उतरते. तिला तिथं यायला सांगा."

माझी आई मधुमेहानेच गेली. तिच्याबरोबर निवांत चालणे मी नेहमी पुढच्या रविवारावर ढकलले.

तुमच्या घरात कोणी 'चल' म्हणायचे थांबले आहे का?