आतल्या बाई आणि सीटमधला डाग

आमच्या दुकानात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे. गाडीचं बाहेरचं माझं, आतलं बायकोचं. पत्रा, काचा, चाकं मी धुतो. सीट, दारांची अस्तरं, डॅशबोर्ड, स्टिअरिंग ती बघते. त्यामुळे गिऱ्हाइकांनी तिचं नाव पाडलं 'आतल्या बाई'. यात वाईट काही नाही, पण मग मी कोण? परवा एक जण मला दारातच विचारत होता, "आतल्या बाई आहेत का? की फक्त बाहेरचेच आहेत?" स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या पाटीखाली उभा राहून मी बाहेरचा झालो. तिला सांगितलं तर ती पोट धरून हसली.

लग्नाआधी ती एका कारखान्यात चामड्याच्या बॅगांना कडा शिवायची, चामड्याची समज तिथली. तिचा नियम एकच, जे स्वतःच्या गालाला लावणार नाही ते सीटला लावायचं नाही. नवा साबण आला की आधी सीटखालच्या, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या कोपऱ्यात लावून बघते. फडकं घट्ट पिळलेलं, ब्रश मऊ, आणि हात शिवणीच्या दिशेनं. मग सीट सावलीत सुकू द्यायची आणि वर क्रीमचा हात इतका पातळ फिरवायचा की मी दर वेळी विचारतो, "लावलंस की नुसतं दाखवलंस?" चकचकीत पॉलिशचं तिला वावडं आहे. डॅशबोर्ड चमकवून द्या म्हणणाऱ्याला ती शांतपणे सांगते, "चमकतंय ते स्वच्छ नसतं हो, तेलकट असतं. उन्हात काचेवर दिसायला लागलं की मग मला शिव्या द्याल." एसीच्या झडपांतली धूळ ती कान साफ करायच्या काडीनं काढते. हीच बाई घरी सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर करून ठेवते आणि पाहुणे आले की त्यांना खुर्च्या देते. मी बोललो तर म्हणते, "सोफ्याचे पैसे कोण देतंय मला?"

एके दिवशी सकाळी एक साहेब पांढरी गाडी सोडून गेले. आतल्या सीट फिकट सायीच्या रंगाच्या. गाडी विकली होती आणि दुपारी ती घेणाऱ्याच्या ताब्यात द्यायची होती. साहेब गेले, आणि मी चाकांवर पाणी मारत असताना दुकानातला फोन वाजला. पलीकडून एक म्हातारा, दबका आवाज आला.

"आमची पांढरी गाडी आलीय ना तुमच्याकडे? मी त्याची आई. मागच्या सीटमध्ये माझा डाग राहिलाय हो. तेवढा काढून ठेवा."

"ठेवतो की, आजी. मोठा आहे का?"

"लहानसाच आहे. चटकन दिसायचा नाही. पण माझ्या मुलाला कळता कामा नये बरं का. कळलं तर माझं एकटीनं बाहेर पडणं बंद होईल."

पुढचं विचारायला माझी जीभ रेटेना. वय झालं की शरीर कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि असलं काही परक्या माणसाला फोनवरून सांगायचं म्हणजे किती जिवावर आलं असेल! मी म्हणालो, "आजी, तुम्ही बिनघोर राहा." फोन ठेवला तेव्हा मला खरोखर वाईट वाटत होतं.

बायकोला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मागच्या सीटवर आजींचा डाग पडलाय. म्हातारपण आहे, समजून घे. मुलाला पत्ता लागू द्यायचा नाही, नाहीतर तो त्यांना घराबाहेर सोडायचा नाही."

"अगंबाई, बिचाऱ्या," ती म्हणाली. हातातलं काम तिथंच टाकून ती त्या गाडीत शिरली आणि दारं ओढून घेतली.

बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. मी काचेतून डोकावलो तर ती बॅटरी आडवी धरून सीटच्या कातडीवर जवळजवळ गाल टेकून बघत होती. वास घेत होती. पेनाची शाई, जीनचा निळा रंग, सांडलेला चहा, मुलांनी चोळलेलं चॉकलेट, आजवर असा डाग झाला नाही जो तिला सापडला नाही. आणि इथं तिला काहीच दिसत नव्हतं.

"अहो, डाग नाही."

"असेल गं. चटकन दिसत नाही, असं म्हणाल्यात त्या."

झालं! एवढं बोललो आणि तिच्या अब्रूचा प्रश्न झाला. तिनं अख्खी मागची सीट घासली, सुकवली, पुन्हा घासली, वर क्रीमचा हात फिरवला. जेवायला हाक मारली तर "तुम्ही घ्या" म्हणाली. शेवटी घामाघूम होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "होता की नव्हता, देव जाणे. पण असलाच तर आता त्याचं नामोनिशाण नाही."

दुपारी साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर आजीही आल्या. ठेंगण्या, तरतरीत, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. एवढ्या उकाड्यात कानांवरून घट्ट रुमाल बांधलेला. साहेब पुढं बॉनेट न्याहाळू लागले तशी बायकोनं आजींना आत खुर्चीवर बसवलं आणि कानाशी लागली. मीही मागून गेलो, कौतुक ऐकायला.

"आजी, काळजी सोडा. डाग कुठेच दिसत नाही."

"दिसत नाही?"

"अजिबात नाही. दोनदा घासून काढलं मी. जो काही होता तो गेला."

"गेला?"

"साफ गेला! आता तुमच्या मुलालाच काय, कुणालाच सापडायचा नाही."

आजींचा चेहरा पडला आणि डोळे भरून आले. बायकोला वाटलं, सुटकेचे अश्रू. तिनं त्यांचा हात हातात घेतला. "अहो, वयात व्हायचंच असं. लाजायचं काय त्यात?"

"कसलं वय घेऊन बसलीस?" आजी दबक्या आवाजात कडाडल्या. "सोन्याचा डाग होता तो! माझं कानातलं!" आणि त्यांनी रुमाल सरकवला. एका कानात सोन्याचं टपोरं फूल होतं, दुसरा कान मोकळा.

बायकोनं सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेपुढं पाण्याचा फवारा परवडला.

"आजी फोनवर काय म्हणाल्या होत्या? शब्दाला शब्द सांगा."

"मागच्या सीटमध्ये डाग राहिलाय."

"आणि तुम्ही मला काय सांगितलंत?"

"मागच्या सीटवर डाग पडलाय," मी म्हणालो आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला.

"सीटमध्ये आणि सीटवर यात फरक असतो हो! बाहेरच्या माणसाला सगळं वरवरचंच दिसायचं." कान सोनारानं टोचावेत म्हणतात, माझे त्या दिवशी दोघींनी मिळून टोचले.

आजी सांगत होत्या, "काल फिरकी सैल झालेली. गाडीत बसताना होतं, उतरल्यावर नव्हतं. सोनं गेलं तर जाऊ दे गं. पण मागे चष्मा हरवला, मग किल्ली हरवली. आता हे कळलं की तो म्हणणार, आई, तू आपली घरातच बस. माझं वाचनालय, माझी मैत्रीण, सगळं बंद."

"धूळ ओढायच्या मशिनीत गेलं असतं तर खडखडलं असतं, मला ऐकू आलं असतं," बायको म्हणाली. "म्हणजे ते अजून आतच आहे."

तेवढ्यात साहेबांची हाक आली, "झालं का? घेणारा खोळंबलाय!"

बायकोनं मला नुसती हनुवटीनं खूण केली. संसारात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं. मी साहेबांना बॉनेटच्या पार पलीकडच्या बाजूला नेलं आणि एक ओरखडा दाखवला, जो खरं तर वाकून बघितल्याशिवाय दिसत नव्हता. साहेब वाकले. मग मी जो सुरू झालो! ऊन रंगाचं काय करतं, जड पाण्याचे ठिपके का उठतात, पक्ष्यांची विष्ठा लगेच का पुसावी. एरवी मी दिवसभरात इतकं बोलत नाही. मागून खट्, खट् असा आवाज आला. सीटची गादी दोन खटक्यांवर बसवलेली असते, ती उचलल्याचा.

साहेबांनी मान वर केली. "कसला आवाज?"

"आतलं काम आहे, साहेब. त्यात मी लक्ष घालत नाही."

गादीखाली बिस्किटांचा चुरा होता, पेनाचं टोपण होतं, कुणाचा तरी लहानसा मोजा होता, आणि सीटबेल्टच्या पट्ट्याच्या बुडाशी अडकलेलं कानातलं होतं. हे तिनं मला नंतर सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की क्रीमचा वास येणाऱ्या हातांनी ती आजींच्या कानातली फिरकी घट्ट करत होती आणि आजी शाळेतल्या मुलीसारख्या मान वाकडी करून बसल्या होत्या.

साहेबांनी मागचं दार उघडून बघितलं आणि खूश झाले. "सीट तर नव्या वाटतायत!" मग आवाज खाली आणून बायकोला म्हणाले, "आईनं काही त्रास नाही ना दिला? हल्ली फार विसरते. एकटीला बाहेर सोडायला नको वाटतं."

बायको फडक्याची घडी घालत होती, ती चालूच ठेवून म्हणाली, "त्या विसरतात? सीटचं काम त्यांनी नेमक्या शब्दांत सांगितलं होतं. घोळ झाला तो आमच्या ह्यांच्या ऐकण्यात. तरी ह्यांना मी रोज एकटं बाहेर सोडतेच की नाही?"

साहेब खो-खो हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? पण खरं सांगायचं तर त्या घडीला मला तिचा इतका अभिमान वाटला की जन्मभर बाहेरचा राहायलाही माझी हरकत नव्हती.

आजींनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि पर्समध्ये टाकला.

"चल आई, तुला घरी सोडून पुढे जातो," साहेब म्हणाले.

"तू जा, तो माणूस खोळंबलाय. मी चालत जाईन. वाटेत वाचनालयात डोकावेन जरा."

साहेबांनी तोंड उघडलं. एकदा आजींकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि काय मनात आलं कोण जाणे, किल्ली खिशातून काढून गाडीत बसले.

"पोचलीस की फोन कर मला," ते खिडकीतून म्हणाले.

"तूच कर पोचलास की," आजी रस्त्याला लागता लागता म्हणाल्या. "मला काळजी वाटते."