बाबांची बैलजोडी चोरीला गेली

आमचे बाबा बैलांचा व्यापार करायचे, असं आम्ही सोयरिकीच्या वेळी सांगायचो. या व्यापारात विकत घेण्याचा भाग नव्हता, एवढंच. गावात लग्नाची पंगत बसली, की ते कोणाच्या तरी गोठ्यातला बैल सोडायचे. रानात नेऊन त्याची शिंगं तासायची, कपाळावरचा पांढरा चांद बिब्ब्यानं काळा करायचा आणि कटंगीवरून मध्यप्रदेशची हद्द ओलांडून महाराष्ट्रात तुमसरकडे नेऊन विकायचा. खुद्द मालकालाही आपला बैल ओळखू येत नसे. या कौशल्यावर मी शिकलो आणि हेडमास्तर होऊन पोरांना नीतिकथा शिकवल्या.

म्हातारपणी बाबा विसरायला लागले. आधी जेवलेलं विसरले, मग आई गेल्याचं. हात मात्र काही विसरले नाहीत. परवा आम्ही सगळे गावातच लग्नाला गेलो आणि बाबांनी स्वतःच्या गोठ्यातली जोडी चोरली. शिंगं तासली, चांदावर माझा केसांचा डाय फासला, बैल परत आणून बांधले आणि दमून झोपले. उठून पाहतात तर गोठ्यात परके बैल. बाबा धाय मोकलून रडले. आयुष्यात विकत घेतलेली ती एकच जोडी होती.

"बाबा, हेच तुमचे बैल," मी म्हटलं.

"मले शिकवून राह्यला का बे? रिपोट लिवाले चाल."

ज्या ठाण्यावरून जायला नको म्हणून ते जन्मभर लांबचा रस्ता धरत, तिथे ते माझ्या आधी पोचले. विसरतात ते ठीक, पण नेमकं इथेच सगळं आठवलं तर? हवालदारानं खुर्ची दिली. बाबांनी एकेका बैलाचं वर्णन केलं, कानावरच्या चिरेसकट.

"किस पर शक है, दादाजी?"

"शक काहून? खात्री हाय. पंगतीच्या टायमाले जोडी नेनारा जिल्ह्यात एकच हाय."

आणि त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. सांगताना थोडे ताठ बसले होते.

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

"पकडा त्याले," बाबा म्हणाले. मग त्यांनी हवालदाराचा हात धरला. "पन मारू नोका, साहेब. पोरगं लहान हाय त्याचं. बापाले मारलं का ते जेवत नाही."

मी, निवृत्त हेडमास्तर, तिथेच उभ्या उभ्या रडलो.