वैशाखातल्या कोटाचं अस्तर

“दम सोडा. पोट आत नका घेऊ. मले पोटाचा कोट शिवायचा हाय, फोटोचा नाई.”

भद्रावतीतल्या पुष्कळ पुरुषांनी हे वाक्य उभ्या उभ्या ऐकलेलं आहे. मीही ऐकलं आहे. बोलणाऱ्या बाई मशीनमागे बसलेल्या असत, आणि माप घेणारा हात त्यांचा नसे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना भाभी म्हणत. दुकान त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे मास्टरांचं. मास्टरांच्या हाताला कंप सुटला तेव्हा कात्री भाभींनी घेतली आणि मास्टर गेल्यावरही खाली ठेवली नाही. ब्लाउज, परकर त्या शिवत नसत. “ते काम गल्लीत सगळ्याच करून राह्यल्या,” म्हणत. त्या फक्त कोट शिवत.

परक्या पुरुषाच्या अंगाला टेप लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे ज्याचा कोट त्याने घरचं कोणीतरी सोबत आणायचं. आई, बायको, बहीण, जी असेल ती टेप धरायची आणि भाभी लांबून हुकूम सोडायच्या. “बाई, बगलेतून घ्या. तिथी नाई, वर. अजून वर. गुदगुल्या होऊ द्या, मरत नाई ते.” एकदा एक साहेब एकटेच आले, तर भाभींनी त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. बायकोने कमरेचा आकडा मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि मग साहेबांकडे असं पाहिलं की भाभींनी तोंडात धरलेल्या टाचण्या काढून ठेवल्या. हसताना गिळल्या जाऊ नयेत म्हणून.

मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो. त्यामुळे मला त्या ‘काटेभाऊ’ म्हणत. मला कोटाचं काही कळत नाही. पण आमच्याकडच्या लग्नातला कोट तुम्हीही पाहिला असेल. लग्नं उन्हाळ्यात होतात, कारण शेत तेव्हा मोकळं असतं आणि पोरांना सुट्या असतात. पारा पंचेचाळीसच्या वर असतो. मांडवात डांबरासारखी तापलेली माणसं कूलरच्या तोंडाशी जागा धरून बसतात, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये नवरदेव जाड कोट घालून उभा असतो. कोटाचं कापड मुलीकडचे देतात. ते घालावंच लागतं. नाही घातलं तर कापड पसंत पडलं नाही असा अर्थ होतो, आणि तो अर्थ पुढे दोन पिढ्या चालतो.

माझ्या भाच्याचं लग्न वडसा गावच्या मुलीशी ठरलं. मुलीचे मोठे बाबा, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, तांदळाचे व्यापारी. कापड त्यांनी स्वतः नागपूरला जाऊन आणलं. गडद निळं, आणि आतून लावायला मरून सॅटिनचं अस्तर, तेही त्यांनीच निवडलेलं. देताना म्हणाले, “आतूनबी चमकलं पाहिजे.”

बहीण, भाचा आणि मी भाभींकडे गेलो. बहिणीने टेप धरला. पाठीवरून टेप फिरला तसा भाचा खांदे आवळून पुढे सरकला. भाभींनी दोनदा “सरळ उभे राहा” म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. त्या बहिणीला म्हणाल्या, “ताई, मागे चुलीवर चहा ठेवला, जरा पाहून घ्या.” बहीण आत गेल्यावर त्यांनी दुकानाचा पडदा ओढला.

“बाबू, पाठीले काय झालं?”

भाचा लहान असताना आंघोळीच्या उकळत्या पाण्याच्या घंगाळात पाठमोरा पडला होता. मानेखालपासून कमरेपर्यंत कातडी भाजली होती. हे आम्हा घरच्यांना माहीत होतं. मुलीलाही माहीत होतं. लग्न ठरण्याआधी त्याने स्वतः तिला सांगितलं होतं. बाकी कोणाला सांगायचं कारण नव्हतं. तो पोहायला जात नाही, सदरा काढत नाही, आणि उन्हाळ्यात सुती ढगळ कपडे घालतो, एवढंच लोकांना दिसे.

त्याने सदरा काढला. भाभी मशीनमागून उठल्या आणि जवळ आल्या.

“हात लावू काय?”

त्याने मान हलवली. भाभींनी तळहात पाठीवर ठेवला.

“दुखते?”

“दुखत नाई. तापते. तिथं घाम येत नाई ना. मग बाकी सगळं अंग पेटल्यासारखं होते. आणि गुळगुळीत कापड घासलं की आग होते.”

“मग कोट नको घालू.”

“घालावाच लागते, भाभी. मोठ्या बाबांचं कापड हाय. आणि एक सांगतो. मांडवात माझी पाठ कोणाच्या तोंडी नको.”

“पाठ तुझी, तोंड माझं,” भाभी म्हणाल्या. “माझं बंद.” मग त्यांनी स्वतःच्या हाताने त्याचं सगळं माप घेतलं. बहीण चहा घेऊन आली तेव्हा टेप पुन्हा खुंटीवर होता.

पुढचे दिवस मी रोज कामावरून येताना दुकानात डोकावत असे. भाभींनी ठरवलं होतं की अस्तर कोटाला शिवायचंच नाही. ते सुटं करायचं आणि बटणांनी लावायचं. वैशाखात एक, हिवाळ्यात दुसरं. हिवाळ्यासाठी मोठ्या बाबांचं सॅटिन, वैशाखासाठी सुती जाळी. जाळी त्यांनी बाजारातून आणली नाही. घरातली जुनी सुती मच्छरदानी कापली. धुऊन धुऊन ती सायीसारखी मऊ झाली होती. “नवं कापड टोचते,” त्या म्हणाल्या. “हे मच्छरदानीतलं हाय म्हणून कोणाले सांगू नका, काटेभाऊ. नाई तर नवरदेवाले लोक खाटेवर निजवतीन.”

कोटाच्या बाहेरच्या बाजूनेही त्यांनी एक युक्ती केली. पाठीवर खांद्याच्या खाली आडवी फट ठेवली आणि तिच्यावर वरून त्याच कापडाचं झाकण सोडलं. पाहणाऱ्याला ती फॅशन वाटावी. आतली गरम हवा जाळीतून वर चढून त्या फटीतून बाहेर जाणार. मी विचारलं, जाणार कशावरून? त्यांनी अगरबत्ती पेटवून कोटाच्या आत धरली. थोड्या वेळाने धूर पाठीतून निघाला. मी खुर्चीवरून उठून पाहून आलो.

पण पहिला प्रयत्न फसला. त्यांनी बाह्यांनाही सुती जाळीच लावली होती. भाचा घालायला गेला तर हात कोपराशीच अडकला. सुती कापड सदऱ्याला धरून बसलं, घसरेना. कोट अर्धा आत, अर्धा बाहेर. दोघांनी मिळून त्याला सोडवलं. भाभी स्वतःवरच चिडल्या. “अस्तर कायले असते, हेच मी विसरली! हात सरकावा म्हणून असते.” मग बाह्यांना सॅटिन राहिलं आणि जाळी फक्त पाठीला व बाजूंना.

दुसऱ्या वेळी बटणं फसली. त्यांनी टिचबटणं लावली होती, सपाट, टोचू नयेत म्हणून. कोट घातल्यावर भाचा छान उभा राहिला. भाभींनी टेपचा हार केला, भाच्याच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, “काटेभाऊ, तुम्ही नवरी व्हा.”

“मी?”

“दुसरं कोण हाय इथी? मान खाली घाला. लाजा थोडं.”

मी मान खाली घातली. भाच्याने हार घालायला दोन्ही हात वर केले आणि त्याच्या पाठीतून टक, टक, टक असा आवाज आला. सगळी टिचबटणं सुटली. जाळी कोटाखालून शेपटीसारखी लोंबू लागली. भाभी हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “ढील नाई ठेवली. हात वर जाते तेव्हा पाठ रुंद होते.” त्यांनी टिचबटणं काढून सदऱ्याची साधी बटणं लावली आणि त्यांच्यासाठी सैल फासे शिवले. त्यानंतर मी चार वेळा नवरी झालो. जाळी हलली नाही.

तयार झाल्यावर दोन्ही अस्तरं मी किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन तोलली. जाळी सॅटिनपेक्षा निम्म्याहून हलकी भरली. भाभींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हे मले हाताले कळलं होतं. पण बरं झालं, तुमच्या जिवाले शांती.”

लग्न वडशाला झालं. भाभी आमच्यासोबत गाडीने आल्या होत्या. भाच्याने अक्षता पडेपर्यंत, आणि नंतर फोटो संपेपर्यंत, कोट घातला. मी त्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून होतो. तो लाल झाला, पण इतरांपेक्षा जास्त नाही. मोठे बाबा स्वतः सूट घालून होते आणि त्यांच्या कानामागून पाणी वाहत होतं.

जेवणाआधी हात धुवायला भाच्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. खुर्ची कूलरसमोर होती. वाऱ्याने कोट उलटा झाला, आणि मोठे बाबा नेमके तिथून चालले होते.

“हे काय हाय?” त्यांनी कोट उचलला. “मरून सॅटिन दिलं होतं मी. हे कायची जाळी? मच्छरदानी लावली काय आमच्या कपड्याले?”

आजूबाजूची माणसं वळली. माझी बहीण पुढे झाली. “दादाजी, उन्हाळ्यासाठी सुटं अस्तर केलं. गरमी होते म्हणून.”

“गरमी काय एकट्या नवरदेवालेच होते? आम्ही सगळे कोट घालूनच उभे हाओ ना!”

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “काऊन बा, पोराले काही बिमारी-गिमारी तर नाई ना?” त्याने हे वाईट मनाने विचारलं असं मला वाटत नाही. पण मांडवात ते वाक्य या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाताना दिसलं. हात पुसत आलेला भाचा जागीच थांबला. त्याचा हात सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे गेला.

“बिमारी नाई,” भाभी मोठ्याने म्हणाल्या. त्या बायकांच्या पंगतीतून उठून आल्या होत्या. “माझी चूक हाय, शेठजी. कोट मी शिवला. सॅटिन कापताना माझी कात्री चुकली. बाह्या सोडून सगळं कापड वाया गेलं. वेळ नव्हता, म्हणून घरात होतं ते लावून देलं. यांच्या घरच्यांना मी सांगितलं नाई, गरमीचं म्हणून पटवलं.”

मी तोंड उघडलं होतं. भाभींनी माझ्याकडे न पाहता हाताने थांबवलं.

“कोट शिवता येत नाई तर दुकान कायले टाकता, बाई?” मोठे बाबा म्हणाले. “आमच्या घरचे तीन कोट तुमच्याकडे टाकणार होतो आम्ही. बरं झालं, आधीच कळलं.”

“हो जी,” भाभी म्हणाल्या. “बरं झालं.”

लोक हसले, आणि हसल्यावर बिमारीचा विषय सरला. पंगत बसली. भाभी पुन्हा जाऊन जेवायला बसल्या. त्यांनी बुंदी दोनदा वाढून घेतली हे मी पाहिलं. परतताना गाडीत बहीण रडू लागली तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, लग्नाहून येताना मुलीकडचे रडतात. तुम्ही काऊन?”

वडशाचे कोट आले नाहीत. ते एक सोडा. पण बातमी बसने फिरते. भद्रावतीतही काही जण त्यांना ‘मच्छरदानीवाली’ म्हणू लागले. एका गिऱ्हाइकाने तोंडावरच म्हटलं, “भाभी, माझ्या कोटाले मच्छरदानी नका लावू.” भाभींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नाई लावत. मच्छरबी माणूस पाहून चावते.” तो कोट तिथेच शिवून गेला. पण त्याच्यासारखे जे विचारत नव्हते आणि येतच नव्हते, त्यांना उत्तर देता येत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात दुकानाच्या दांडीवर आदल्या वर्षीपेक्षा पुष्कळ कमी कोट टांगलेले दिसले.

मरून सॅटिनचं अस्तर, बटणं आणि फासे लावून तयार, त्यांनी भाच्याला दिलं. देताना बजावलं, “हिवाळ्यात लाव. पण वडशाले जाताना नाई. माझी कात्री खोटी पडीन.” त्यामुळे भाचा सासरी थंडीतही जाळीचाच कोट घालून जाई आणि कुडकुडत बसे.

नंतर भाभींची नजर कमी झाली. मुलीने त्यांना सिरोंच्याला नेलं. पावसाळ्यात त्या तिथेच वारल्या, असं मुलीचा फोन आला तेव्हा कळलं. दुकानात आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.

यंदा होळीच्या आधी मोठे बाबा आमच्या गल्लीत आले. काखेत कागदात गुंडाळलेलं कापड होतं. मला ओळखून म्हणाले, “इथी त्या कोटवाल्या बाईचं दुकान होतं ना?”

मी सांगितलं, भाभी वारल्या.

ते दुकानाकडे पाहत राहिले. मी त्यांना घरी आणून चहा दिला. बराच वेळ त्यांनी तांदळाच्या भावाची गोष्ट केली. मग म्हणाले, “पुतणीनं परवा सांगितलं मले. जावयाले विचारून सांगितलं. अस्तराचं, पाठीचं. सगळं.” चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. “माझ्या पोराचं लग्न हाय वैशाखात. म्हटलं, त्यांच्याच हातचा कोट.”

मी म्हटलं, चंद्रपूरला चांगले कारागीर आहेत, दोघांचे पत्ते देतो.

“नाई,” ते म्हणाले. “राहू द्या.”

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. खिडकीजवळ जागा मिळाली. कापड त्यांनी वरच्या फळीवर ठेवलं नाही, मांडीवर घेतलं.

वैशाखात त्या लग्नाला मी गेलो होतो. नवरदेवाने पांढरा सुती सदरा घातला होता. पाहुण्यांपैकी पुष्कळांनी मोठ्या बाबांना विचारलं की पोराला कोट का नाही. ते प्रत्येकाला एकच सांगत होते, “शिवणारी नाई राह्यली.”